खोड्यातले तीन सवाल

सोमवारी सकाळी मनिषा दवाखान्यापाशी आली आन् दाराचं कुलूप बघून तिला आधी हसूच आलं. कारण त्या दाराला कुलूप कधी नव्हतंच. कडी होती, कडीत बाभळीची काडी खोचलेली असायची, बस. आन् आता हे मुठीएवढं पितळी कुलूप, नवंकोरं, वरचा किमतीचा कागद पण काढलेला न्हाई. तिला वाटलं पोरांनी चेष्टा केली. तिनं मोबाईलवर पोरांच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं, 'कोणी लावलं रे हे, किल्ली घेऊन या.' पाच मिनिटं झाली, दहा झाली. सगळ्यांनी बघितलं. एकानं पण काही लिहिलं न्हाई. सुदर्शननं पण न्हाई, आन् सुदर्शन म्हणजे कसा, तुम्ही नुसतं 'हं' टाकलं तरी खाली तीन ओळी लिहिणारा माणूस.

मंग तिनं कुलूप मुठीत धरून ओढून बघितलं.

हा दवाखाना म्हणजे माणसांचा न्हाई बरं का, जनावरांचा. लोणवाडी म्हणजे उदगीरहून देवणीला जाताना रोडपासून दोन किलोमीटर आत. बारा वर्षांखाली दवाखाना देवणीला गेला, खोली ग्रामपंचायतीकडं ऱ्हायली आन् दारापुढं ऱ्हायला खोडा. लोखंडी नळ्यांचा, चार खांबांचा. बैल आत घातला, पुढून मागून आडवी नळी सरकवली की बैल जागचा हलत न्हाई, मंग टोचा सुई. मनिषाचे वडील नरसिंग तिथंच परिचर होते. निम्म्या तालुक्याचे बैल त्यांनी त्या खोड्यात उभे केलेले.

मनिषा नांदेडला एमएसडब्ल्यू करून आली. लातूरच्या एका संस्थेनं तिला गावातच काम दिलं. संस्थेच्या कागदात 'युवा नेतृत्व' सात वेळा लिहिलेलं, तिनं मोजलं होतं. सरळ सांगायचं तर काम असं होतं, की अठराच्या पुढच्या पोरापोरींसाठी अशी एक जागा उभी करायची जिथनं उद्या गाव चालवणारी माणसं निघतील. मंग तिनं ही खोली मागून घेतली, झाडली, वडलांनी खोड्याला पिवळा रंग दिला, आन् दर गुरुवारी संध्याकाळी पाचला पोरांची ग्रामसभा सुरू झाली. खोटी खोटी, पण हुबेहूब खऱ्यासारखी. एक सरपंच, एक ग्रामसेवक, बाकी गाव. आन् बोलणारा उभा ऱ्हाणार खोड्यात. पुढची नळी लावायची. समोरच्यांनी तीन सवाल करायचे, तिन्हींचं उत्तर दिल्याबिगर नळी काढायची न्हाई.

पहिल्या दिवशी मनिषाची मैत्रीण शिवांगी आत गेली तर म्हणती, "मने, आधी सांग, सुई मानेत देणार का मांडीत?" सगळे पोट धरून हसले. पण तीच शिवांगी चौथ्या महिन्यात खऱ्या ग्रामसभेत उठली आन् इचारलं, की शाळेपुढच्या खांबावर दिवा का लागत न्हाई. आठ दिवसात दिवा लागला. तवापासनं गावातल्या बायका त्या दिव्याला शिवांगीचा दिवा म्हणतात.

आन् सुदर्शन. त्याची गोष्टच येगळी. वीस वर्षांचं पोरगं, बारीक अंगाचं, पण खोड्यात उभं ऱ्हायलं की आवाज असा निघायचा की रस्त्यानं जाणारा ट्रॅक्टर थांबवून माणूस ऐकायचा. अक्षर मोत्यासारखं. म्हणून पोरांचे सगळे ठराव तोच लिहायचा, आन् कागदाच्या पेटीची किल्ली पण त्याच्याकडंच. मनिषा घरी वडलांना सांगायची, "हे पोरगं एक दिवस जिल्हा परिषदेत बसतंय बगा." पुढच्या महिन्यात नांदेडला पोरांचं मोठं शिबिर होतं, त्याला लोणवाडीकडनं त्याचंच नाव दिलेलं.

तर कुलूप. मनिषा तशीच ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवक भाऊसाहेब सोमवार-गुरुवारीच येतात, ते होते. तिनं इचारलं, "भाऊसाहेब, दवाखान्याला कुलूप कोणी लावलं?"

भाऊसाहेबांनी मोबाईलमधनं डोकं न काढता म्हणलं, "ठराव झाला की ताई."

"कसला ठराव?"

"आता मला इचारता का? पहिली सही तर तुमचीच हाय."

आन् त्यांनी रजिस्टर फिरवून तिच्यापुढं ठेवलं. सव्वीस जानेवारीची ग्रामसभा, ठराव क्रमांक चौदा. जनावरांचा जुना दवाखाना वापरात नसल्याने सदर इमारत श्री. रेवणप्पा यांना सरकी पेंड साठवण्याकरिता अकरा वर्षे देण्यात यावी. ठराव सर्वानुमते मंजूर. खाली हजेरीचे कागद चिटकवलेले. तिसऱ्या कागदावर एक नंबरला, मनिषा नरसिंग कांबळे. दोन नंबरला शिवांगी. मंग खाली तिची सगळी पोरं, एकामागं एक, सगळ्या मिळून एकतीस सह्या.

तिला वाटलं कोणीतरी नक्कल केली. पण न्हाई. 'ष'चं पोट ती कशी फाडती ते तिला माहिती होतं. सही तिचीच होती. आन् सव्वीस जानेवारीला ती गावात नव्हतीच. नांदेडला होती, कॉलेजात झेंड्याला.

तिनं एका एका सहीवर बोट ठेवून खालपर्यंत बघितलं. आता तो कागद तिनं ओळखला होता.

त्याचं असं झालं होतं. लोणवाडीत ग्रामसभा कशी होती, तर शिपाई आधी हजेरीचे कागद घेऊन फिरतो. हॉटेलात, पारावर, पिठाच्या गिरणीत. वर विषयाची जागा कोरी, तारखेची जागा कोरी. शंभर माणसं तर लागतात ना, न्हाईतर सभा होत न्हाई. मंग लोक सही करतात, चहा पितात, निघून जातात. विषय भाऊसाहेब मागनं भरतात. सही आधी, चहा मंग, विषय शेवटी. आज्जा-पंज्यापासनं तसंच. आन् मनिषाला सगळं हुबेहूब पायजे होतं. भाऊसाहेबांनीच छापील कागदाचा गठ्ठा दिला होता, "घ्या, खऱ्या कागदावर शिकतील तर खरं शिकतील," म्हणून. दर गुरुवारी ती पहिली सही करायची, कागद पुढं द्यायची, आन् म्हणायची, "वरचं नंतर भरू."

ती म्हणायची. तिच्या तोंडचे शब्द.

रजिस्टरात तिनं परत बघितलं. ठरावाचं अक्षर भाऊसाहेबांचं नव्हतं. मोत्यासारखं होतं. खाली लिहिलेलं, अनुमोदक, सुदर्शन.

ती किती वेळ त्या नावाकडं बघत ऱ्हायली तिलाच माहिती न्हाई. भाऊसाहेब म्हणले, "पाणी पिता का?"

सुदर्शन सापडला रेवणप्पाच्या खाद्याच्या दुकानात. आता रेवणप्पा कोण, तर गावात सरपंच म्हणलं की रेवणप्पा. सही सरपंचाची असती त्याच्या बायकोची, गंगम्माची, कारण जागा बायकांसाठी राखीव. पण खुर्चीत बसणार हा, फोन उचलणार हा. गंगम्माला ग्रामपंचायतीत कोणी बघितलं तर झेंड्याच्या दिवशी, आरतीचं ताट घेऊन.

सुदर्शन पेंडीच्या पोत्यावर बसून ऱ्हायला होता. मनिषाला बघून उठला. उठला ते चांगलं केलं, असं तिला वाटून गेलं, आन् असं वाटल्याचा तिला लगेच राग आला.

"तू लिहिलं?"

"हाव."

नुसतं हाव. ती वाटेनं पाच-सहा वाक्यं जुळवून आली होती, सगळी गेली.

"का बरं?"

"ताई, पुढच्या निवडणुकीत पॅनेलमधी घेतो म्हणले मला. वॉर्ड दोनमधनं." तो खाली बघत न्हाई, सरळ तिच्याकडं बघून बोलत होता, जसं तिनंच शिकवलं होतं. "शंभर सह्या भरत नव्हत्या. पेटीत एक कागद होता, एकतीस सह्यांचा."

"सुदर्शन, ती खोली आपली होती रे."

"तुम्हीच शिकवलं ना ताई, आधी माणसं मोजा, मंग ठराव मांडा. मी मोजली." मंग जरा थांबून म्हणला, "किती दिवस खोटं खोटं खेळायचं? मी खरं करून बघितलं."

पोत्यावर मांजर बसलं होतं, मनिषानं त्याच्या पाठीवरनं हात फिरवला आन् घरी आली.

घरी नरसिंगनं सगळं ऐकलं. ते कधी आवाज चढवत न्हाईत, बैलांसंगं ऱ्हाऊन तसे झालेत. भाकरीचा तुकडा हातातला हातात ऱ्हायला.

"माझ्या बापानं जनमभर अंगठा दिला," म्हणले. "कशावर दिला, ते मरस्तोवर त्याला कळलं न्हाई. दोन एकर गेलं त्या अंगठ्यापायी. मी सातवी शिकलो ते एवढ्यासाठी, की सही करायच्या आधी वाचता यावं. आन् तू एमएसडब्ल्यू झाली, माय."

तेवढंच म्हणले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मनिषा चुलीपाशी जाऊन बसली, रडू पण येईना. आठ महिने तिनं काय उभं केलं होतं? तीस पोरांना कोऱ्या कागदावर सही करायची सवय लावली होती, टाळ्या वाजवून.

संध्याकाळी शिवांगी पळतच आली. तिनं तोड काढून आणली होती.

"मने, लई सोपं हाय. सही खोटी म्हण. नांदेडचे झेंड्याचे फोटो हाईत ना तुझ्याकडं? तारखेसकट लाव. सही खोटी, ठराव खोटा, विषय खलास."

"आन् बाकीच्या तीस सह्या?"

"त्या पण खोट्या म्हणू. कोण तपासतंय."

"सही माझी हाय शिवे."

"येडी हाईस का? तू म्हणशील की कोऱ्या कागदावर केली, तर लोक काय म्हणतील? ही पोरांना हेच शिकवत होती म्हणतील. माझा बापच म्हणल. संस्था एका दिवसात काढंल तुला. खोली बी गेली आन् तू बी."

शिवांगीचं काही चूक नव्हतं. खरं तेच होणार होतं. एक मेची ग्रामसभा चार दिवसांवर होती, तिथंच हा ठराव मोडला तर मोडला, न्हाईतर जूनला पेंडीच्या गाड्या येणार. मनिषानं चार दिवस दोन्ही करून बघितलं, म्हणजे मनात. एका मनात ती फोटो दाखवायची आन् जिंकायची. पण जिंकली की लगेच पुढचा गुरुवार दिसायचा. खोली उघडी, पोरं बसलेली, आन् ती खोड्यापाशी उभी ऱ्हाऊन सांगून ऱ्हायली, की पुढाऱ्यानं खरं बोलावं. तिथं आलं की ती सगळं पुसून परत पहिल्यापासनं सुरू करायची.

एक मेला झेंडा झाला, लोक शाळेच्या मांडवात बसले. पोरं आली म्हणून त्या दिवशी गर्दी होती. रेवणप्पा मधल्या खुर्चीत. बाजूला भाऊसाहेब, मागं सुदर्शन, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. गंगम्मा एका कडेला, ताट मांडीवर. शिपाई हजेरीचे कागद घेऊन मनिषापाशी आला, सवयीनं पेन पुढं केलं.

तिनं पेन घेतलं न्हाई. उभी ऱ्हायली.

"मला चौदा नंबरच्या ठरावावर बोलायचंय."

रेवणप्पा हसून म्हणला, "बोल की बाई. पण सही तर तुझीच पहिली हाय. सही करून आता न्हाई म्हणता येत न्हाई. का खोटी हाय सही?"

शिवांगीनं मागनं तिच्या ओढणीला झटका दिला. फोटो मोबाईलात होता, मोबाईल हातात होता.

"सही माझीच हाय," मनिषा म्हणली. "कागद कोरा होता. तारीख नव्हती, विषय नव्हता. मी त्या दिवशी नांदेडला होते, पण सही माझी हाय, गुरुवारच्या वर्गात केलेली. आन् पोरांना पण तशी करायला मीच सांगितलं. चूक माझी हाय. ठराव आमचा न्हाई."

मंग शिवांगीचा बाप उठला, जसं शिवांगी म्हणली होती तसंच. "म्हणजे आमच्या लेकरांना तू कोऱ्यावर सह्या करायला शिकवत होतीस? ह्यासाठी पाठवलं का आम्ही?"

"हाव मामा. तेच झालं."

तो उभाच ऱ्हायला. आन् तेवढ्यात शिवांगी उठली, बापाच्या देखत, म्हणली, "माझी पण सही कोऱ्यावर हाय." मंग तिच्या बाजूचा उठला. मंग मागची दोघं. एक एक करत पोरं उठून तेच वाक्य म्हणून ऱ्हायली, आन् सुदर्शन मागं खुर्ची धरून उभा, तोंड शर्टापेक्षा पांढरं.

पण खरा धक्का पुढं होता, आन् तो मनिषाच्या हिशोबात नव्हताच.

आप्पासाहेब म्हणून सत्तरीतले शेतकरी, सगळ्या सभांना पहिल्या रांगेत बसणारे. ते इतका वेळ हातातल्या हजेरीच्या कागदाकडं बघत बसले होते. सही केलेली होती त्यांनी, आत्ताच. त्यांनी कागद वर धरला.

"भाऊसाहेब, ह्याच्यावर विषय कुठं हाय?"

"मागनं भरतो की आप्पा. नेहमीसारखं."

"नेहमीसारखं," आप्पासाहेब म्हणले. सावकाश. "म्हणजे मी तीस वर्षं कशाकशावर सही केली?"

मनिषानं वळून बघितलं तर मांडवातली एक एक मान हातातल्या कागदाकडं वळून ऱ्हायलेली. बायका, म्हातारे, शिवांगीचा बाप, सगळे. जसं अंधारात बिनघोर चालावं, आन् कोणी बत्ती लावली तर आपण विहिरीच्या काठानं चालत होतो असं दिसावं, तशी तोंडं झाली लोकांची. शिपायानं चहाचा पहिला ट्रे आणला, तो तसाच हातात धरून उभा.

आन् तेव्हा कडेहून आवाज आला. बारीक. गावानं तो आवाज मांडवात कधी ऐकलाच नव्हता, म्हणून कोण बोललं ते कळायलाच वेळ लागला.

"माझी बी कोऱ्यावरच हाय."

गंगम्मा. ताट खाली ठेवून उभी.

रेवणप्पा म्हणला, "तू बस."

ती बसली न्हाई. "खाली सरपंचाची सही लागती ना? मी चार वर्षं करून ऱ्हायले. ह्यांनी वही आणायची, बोट ठेवायचं, इथं कर म्हणायचं. मला माझं नाव काढता येतं, बाकी वाचता येत न्हाई." मंग भाऊसाहेबांकडं वळली. "चौदा नंबर वाचा. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

भाऊसाहेबांनी वाचलं. अकरा वर्षे म्हणताना ते खोकलले.

"हे मी म्हणलेलं न्हाई," गंगम्मा म्हणली. "परत मांडा. हात वर करून."

खोली रेवणप्पाला द्यायला सहा हात वर झाले. सातवा सुदर्शनचा, निम्मा वर आला आन् थांबला, मंग खाली गेला. पण लोक तिथंच उठले न्हाईत. आप्पासाहेब म्हणले, आता पहिल्या पानापासनं वाचा. आन् दुपारचे दोन वाजले तरी भाऊसाहेब वाचूनच ऱ्हायले होते, आन् दर पानाला मांडवात कोणीतरी कपाळाला हात लावत होतं. चहा तसाच गार झाला.

संस्थेला मनिषानं सगळं आपल्याच हातानं लिहून पाठवलं. त्यांनी तिला पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी लातूरला बोलावलंय. काम ऱ्हातं का जातं, कोणाला माहिती न्हाई. नांदेडच्या शिबिराला कोण जाणार ते पण न्हाई.

पण मधी गुरुवार आला. पाचला पोरं जमली. कुलूप निघालं होतं, परत बाभळीची काडी. हजेरीचा कागद फिरला तो सगळ्यात शेवटी, वर तारीख, खाली विषय लिहून. आन् वर्ग उठणार तेवढ्यात फाटकातनं सुदर्शन आला. कोणाशी बोलला न्हाई. सरळ खोड्यात गेला, आन् पुढची नळी आपल्याच हातानं सरकवून घेतली.

आता नियम सगळ्यांना पाठ. तीन सवाल, तीन उत्तरं, मंग नळी निघणार. तो उभा. हे सगळे बसलेले. आन् कोणी सवालच करंना. पाच मिनिटं गेली. शिवांगी नखं खाऊन ऱ्हायली. मनिषाच्या मनात शंभर सवाल होते, पण तोंडाला एक येईना, कारण निम्मे सवाल तिचे तिलाच होते. सुदर्शनच्या कपाळावरचा घाम नाकावरनं खाली पडला. त्याला पुसता पण येत होता, त्यानं पुसला न्हाई.

मंग मागं चपलांचा आवाज झाला. गंगम्मा. खोचलेला पदर, काखेत चौकोनी रजिस्टर. येऊन पहिल्या रांगेत पोरांमधी मांडी घालून बसली, जशी शाळेत बसावी तशी. मंग उठून रजिस्टर उघडलं, सुदर्शनपुढं नळीवर धरलं आन् एका पानावर बोट ठेवलं. तेच बोट ठेवायची पद्धत, नवऱ्याची.

"ओदु तम्मा," ती म्हणली. माहेरच्या कन्नडमधी. वाच बाबा. "इथं माझी सही हाय. वर काय लिहिलंय?"

सुदर्शननं वाचायला सुरुवात केली. तो खणखणीत आवाज, ट्रॅक्टर थांबवणारा, दुसऱ्याच ओळीला फाटला. गंगम्मानं घाई केली न्हाई. त्यानं परत पहिल्या शब्दापासनं वाचलं, शेवटपर्यंत, खालचं आपलं नाव पण.

"बरं," गंगम्मा म्हणली. "हा एक झाला." आन् बाजूच्या पोरीला इचारलं, "अजून दोन ऱ्हायले ना?"

मनिषा उठून खोड्यापाशी गेली आन् पुढचा सवाल घ्यायला सुदर्शनच्या बाजूला उभी ऱ्हायली.